एका जुडग्यातल्या दोन किल्ल्या

३ फेब्रुवारी, सोमवार

काल दुपारी सामानासकट दादाकडे येऊन पोचले आणि आज सकाळी कामावर रुजूही झाले. नव्या वहीचं पहिलं पान चांगल्या बातमीने सुरू होतंय, याचं बरं वाटतं.

दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आतली खोली मला देऊन तो स्वतः बाहेरच्या दिवाणावर गेला. मी नको म्हटलं, तर म्हणाला, ठमे, बायपास झालेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्रेचाळिसाव्या वर्षी मला ठमी म्हणणारा जगात हा एकटाच उरलाय. वहिनी गेल्यापासून तो एकटा राहतो. मी त्याची काळजी घ्यायला आले आहे असं मी सगळ्यांना सांगते, आणि तो सांगतो की कारखान्यातला विभाग बंद पडला म्हणून बिचारीला आसरा दिलाय. दोन्ही खरं आहे.

गॅरेज मोठं आहे. पत्र्याची उंच शेड, समोर अंगण, उजवीकडे पेंटरची काचेची खोली. मालक गोल, घाईचे आणि मनाने मोकळे. पदवी घेतलेली, कारखान्यात विजेच्या पॅनेलवर काम केलेली बाई गाड्यांची वायरिंग बघायला आली याचं त्यांना इतकं कौतुक, की येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत होते, आपली नवी वायरमन. त्यावर पेंटर आतून ओरडला की वायरमन कसली, वायरबाई म्हणा. दुपारपर्यंत तेच नाव पडलं. पेंटरचं वय पस्तीसच्या आसपास, हाडापेराने मजबूत, कानाच्या पाळीला कायम कुठला तरी रंग. आज निळा होता.

शेडच्या अगदी मागे, एकच गाडी मावेल अशा कोपऱ्यात एक राखाडी गाडी उभी आहे. काचा पुसलेल्या, चाकांत हवा, पण ती कुणीच चालवत नाही. बॅटरीला चार्जर लावलेला असतो. संध्याकाळी सगळ्यात शेवटी निघणारा माणूस त्या चार्जरचा हिरवा दिवा बघतो आणि मगच शटर ओढतो. कशासाठी, हे कुणालाच सांगता येईना. मालक म्हणाले, मास्तरांची शिस्त. मास्तर म्हणजे माझ्या आधीचे वायरमन. दोन वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं, पण अजून रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, चार्जर लावला का. मला ही गोष्ट आवडली. जिथे एका म्हाताऱ्या कारागिराचा शब्द असा पाळला जातो, तिथे माणूस टिकू शकतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिलं मानाचं काम. एका दुकानदाराची गाडी सकाळी चालू होईना. सेल्फ मारला की इंजिन पेटायचं आणि क्षणात बंद. त्याने आधी दोन ठिकाणी दाखवून पंप आणि प्लग बदलून घेतले होते. मी डॅशबोर्डकडे बघितलं, तर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. म्हणजे दोष इंजिनात नव्हताच. गाडी त्याला ओळखत नव्हती.

दादाला रात्री जेवताना समजावून सांगितलं, तेच इथे लिहिते. हल्लीच्या किल्लीच्या मुठीत एक बारीक चिप असते. किल्ली घालायच्या भोकाभोवती तारेचं कडं असतं, ते चिपला विचारतं, तू कोण. उत्तर पटलं तरच इंजिन चालू राहतं, नाही तर गाडी स्वतःच त्याचा गळा आवळते. चोरांसाठी केलेली सोय. दुकानदाराच्या एकाच जुडग्यात त्याची आणि बायकोची, अशा दोन गाड्यांच्या किल्ल्या होत्या. दोन्ही चिपा एकाच वेळी बोलायला लागल्या की कड्याला एकीचंही ऐकू येत नाही. मी एक किल्ली जुडग्यातून काढून त्याच्या खिशात घातली आणि सेल्फ मारला. गाडी चालू. दुकानदार कपाळाला हात लावून हसला.

दादा म्हणाला, म्हणजे आई आणि आत्या एकाच वेळी हाका मारायच्या तेव्हा माझं व्हायचं तसंच की. मी जागच्या जागी थिजायचो.

८ फेब्रुवारी, शनिवार

मालकांनी गाड्या उचलायची नवी लिफ्ट मागवली आहे. ती सोमवारी चोवीस तारखेला येणार आणि राखाडी गाडीच्याच कोपऱ्यात बसणार. म्हणून त्यांनी मला बोलावून विचारलं, ती चालू करून दाखवशील का. चालू झाली तर तूच वापर, भावाला दवाखान्यात न्यायला होईल. गाडी ज्या गिऱ्हाइकाची होती तो कधी परत आलाच नाही. घरच्यांनी नको म्हणून लिहून दिलं, कागद मालकांकडे आहेत.

दादाला तपासणीला न्यायचं म्हणजे दोन बस बदलाव्या लागतात. मागच्या वेळी दुसऱ्या बसमध्ये उभं राहून त्याचे ओठ पांढरे पडले होते, असं खालच्या काकूंनी मला सांगितलं, त्याने नाही. गाडी मिळाली तर फार मोठं काम होईल.

१० फेब्रुवारी, सोमवार

राखाडी गाडी तपासली. तोच आजार. इंजिन पेटतं, बंद पडतं, लाल दिवा लुकलुकतो. किल्ली एकच आहे आणि तिची चिप ठीक आहे. बाजूच्या सीटच्या दाराचं कुलूप बसत नाही, ते नंतर बघेन.

स्कॅनर लावला. गाडीच्या स्मरणात तीन किल्ल्या नोंदलेल्या आहेत. हातात एक. उरलेल्या दोन कुठे, कुणाकडे, काही माहीत नाही.

माझी पद्धत अशी की ज्या किल्ल्या समोर नाहीत त्या पुसून टाकायच्या. शिस्तीची पद्धत तीच आहे. कोण जाणे, कुणाच्या खिशात ती किल्ली असेल आणि उद्या तो गाडी घेऊन जाईल. शिवाय या गाडीची यंत्रणा जुनी, तिच्यात एकेक किल्ली काढता-घालता येत नाही. आधी सगळ्या पुसायच्या, मग समोर असतील त्या नव्याने ओळखवायच्या.

तरी मास्तरांना विचारल्याशिवाय हात लावणं मला बरं वाटेना, म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. ते आत पडून होते. सुनेने मला दारातच थांबवलं, आत जाऊन आली आणि निरोप सांगितला, ते म्हणतात काहीही करा, पण पुसू नका. का, ते तिलाही माहीत नव्हतं. थांबते म्हटलं, तर म्हणाली, आज नको, दमलेत.

घरी येताना विचार केला. जुन्या माणसांना स्कॅनरची भीती असते. पुसलं आणि परत नोंद झालीच नाही तर गाडी कायमची भंगार, ही त्यांची काळजी असणार. माझ्याकडे सगळे कोड आहेत, तसं काही होणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

दादा दुपारी डबा घेऊन आला होता. मी राखाडी गाडीत स्कॅनर घेऊन बसले होते. तो बाजूच्या सीटवर बसला, दार ओढून घेतलं, आणि म्हणाला, कर सुरू, मी आहे ना. मी पुसण्याची आज्ञा दिली. पडद्यावर शून्य आलं.

मग किल्ली घालून दहा मिनिटं शांत बसायचं असतं. दादा मला बालपणीच्या गोष्टी सांगून हसवत होता. पडद्यावर एक आलं. मी स्कॅनर बंद करणार तेवढ्यात दोन आलं. मग तीन. दुसरी किल्ली गाडीत नव्हती. माझ्या हातात नव्हती, दादाच्या खिशात फक्त घराची साधी किल्ली. मला वाटलं, स्कॅनर तीच ती चिप पुन्हा पुन्हा मोजतोय. सेल्फ मारला. गाडी लोण्यासारखी चालू झाली. दादाने टाळ्या वाजवल्या.

तेव्हाच पेंटरच्या खोलीतला आवाज माझ्या ध्यानात आला. फवारणीच्या बंदुकीचा सूं असा आवाज थांबतच नव्हता. रंग मारताना हात सतत फिरतो, आवाज वर-खाली होतो. हा एकसारखा होता. मी काचेतून पाहिलं. पेंटर बंदूक धरून उभा होता. रंग दाराच्या एकाच जागी बसून खाली ओघळत होता आणि जमिनीवर त्याचं तळं झालं होतं. मी हाक मारली. मालकांनी मारली. मालकांनी त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो तसाच, उभ्याचा आडवा झाला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. पस्तीस वर्षांचा माणूस.

दादाला मी त्याच गाडीतून घरी आणलं. रस्त्यात ती दोनदा बंद पडली. पेट्रोल जुनं असेल. दादा सगळा रस्ता गप्प होता. घराखाली उतरताना म्हणाला, गप्प कुठे होतो, आत्ता तर निघालो आपण.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मास्तर गेले. काल दुपारीच. खुर्चीतून पाणी प्यायला उठले, दोन पावलं टाकली आणि थांबले. पडले नाहीत म्हणे. सून भाजी चिरत होती, तिला बराच वेळ कळलंच नाही. वेळ विचारू नये असं ठरवून गेले होते, पण विचारलीच. तीच वेळ.

काल स्कॅनरवर शून्य आलं ती.

हा विचार मनात आल्याबद्दल मला माझीच लाज वाटते. दोन घरांत माणसं गेली आहेत आणि मी त्यांचा हिशेब एका यंत्राशी जुळवत बसले आहे.

तरी संध्याकाळी राखाडी गाडी कोपऱ्यात लावून तिला चार्जर लावला. का लावला, हे मला विचारू नये.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कामावर सुट्टी घेतली. दुपारी दादा आणि मी जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला, दादा काहीतरी सांगत होता. दुसरा घास तोंडात घातला तर तो गार, वाळलेला. मी वर पाहिलं. खिडकीत उजेड नव्हता. दादा त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग बोलत होता.

दोघांनीही दिवा लावायला एकदमच हात पुढे केला. दादा म्हणाला, आभाळ आलंय वाटतं. आभाळ नव्हतं. संध्याकाळ होती.

मग खालच्या काकू आल्या, रागावलेल्या. म्हणाल्या, दुपारपासून तीनदा दार वाजवलं, खिडकीतून तुम्ही दोघं ताटावर बसलेली दिसताय, फोटोत बसल्यासारखी, आणि ओ द्यायला तयार नाही. भांडण झालंय का?

दादाने हसून वेळ मारून नेली. नंतर मला म्हणाला, ठमे, म्हातारे झालो, बसल्या बसल्या डुलक्या लागायला लागल्या. दोघांना एकाच वेळी? हातात घास धरून?

१६ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांच्या सुनेकडे गेले. मला स्वतःला फसवायचं नव्हतं, म्हणून सरळ विचारलं की मास्तरांनी काम का सोडलं.

ती बराच वेळ बोलली. सासरे म्हातारपणात भ्रमिष्ट झाले असं तिला वाटायचं, म्हणून तिने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती गाडी आली तेव्हा मास्तरांनी माझ्यासारखंच सगळं पुसून नव्याने नोंदवलं होतं. मदतीला बाजूच्या सीटवर पेंटर बसला होता. त्याच दुपारी गाडीचा मूळ मालक आपल्या घरी आरशासमोर दाढी करता करता थांबला. मास्तरांनी बातमी ऐकली, वेळ ऐकली, आणि गाडीला कुणालाही हात लावू दिला नाही. पुढे शेडमध्ये ते आणि पेंटर जवळ आले की दोघंही बुजगावण्यासारखे उभे राहायचे. पोरं चेष्टा करायची. मास्तरांच्या ते ध्यानात आलं, पेंटरच्या नाही. ते त्याला काही बोलले नाहीत. हात थरथरतात असं खोटं सांगून त्यांनी काम सोडलं आणि परत कधी त्या रस्त्याला गेले नाहीत. फक्त फोन करायचे. बॅटरी उतरली तर आम्ही दोघंही उतरू, असं म्हणायचे.

शेवटी ती म्हणाली, मी तुम्हाला निरोप दिला होता ना, बाई.

दिला होता. सहा दिवसांपूर्वी मी तो माझ्या हाताने इथेच लिहून ठेवला आहे. पुसू नका. आणि खाली माझी कारणं, एकाहून एक सुसंगत.

आधी मास्तर आणि पेंटर, आता दादा आणि मी. दोन किल्ल्या. एका जुडग्यात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अजूनही हे सगळं योगायोग असू शकतं. म्हणून आज एक वाईट गोष्ट केली. राखाडी गाडीचा चार्जर काढला, हेडलाइट लावले आणि दादाला घरी फोन केला. इकडचं तिकडचं बोलत राहिले. व्होल्टमीटरचा आकडा उतरत गेला तसा त्याचा आवाज उतरत गेला. विनोद अर्ध्यावर टाकून तो म्हणाला, थांब, जरा दम लागलाय. माझ्याही हातातून मीटर खाली पडला. बोटं माझी वाटत नव्हती.

मी लाइट बंद केले, चार्जर लावला. थोड्या वेळाने दादा ताजातवाना. म्हणाला, हं, तर काय सांगत होतो.

मी माझ्या भावावर प्रयोग केला. आता मला ठाऊक आहे. ठाऊक नसताना तरी काय बिघडलं होतं?

मार्ग शोधते आहे. पुन्हा पुसून नुसती खरी किल्ली नोंदवावी, तर शून्य येतं त्या क्षणी दादा जाईल, माझ्याबरोबर. एकट्याला वगळता येत नाही. बॅटरी बदलता येईल, जुनी काढायच्या आधी दुसरी जोडून. तेवढं जमेल. पण एकत्र राहणं जमणार नाही. दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ जातो. काल रात्री मी त्याच्या पायावर पांघरूण घालायला वाकले आणि सरळ उभी राहिले तेव्हा दूधवाला बेल वाजवत होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादाला सगळं सांगितलं. फोनवर, रस्त्याच्या पलीकडून, तो गॅलरीत आणि मी खाली. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, ठमे, तू वर ये, गरम काहीतरी खा, उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ. मला वाटतं तो रडत होता. मी हात केला आणि निघाले.

लॉजमध्ये खोली घेतली आहे. मालकांनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, एका दिवसात दोन माणसं गेली, तुझ्या मनावर परिणाम झालाय, चार दिवस आराम कर. आणि गाडी मात्र सोमवारच्या आत हलव.

हलवते. तेच बरं. गाडी घेऊन लांब जाईन. चालत्या गाडीत बॅटरी आपोआप चार्ज होते. कुठेतरी काम मिळेल, तिथे तिला चार्जर लावीन. दादाशी रोज फोनवर बोलेन. तो जगेल. एवढंच हवं आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा लॉजवर आला होता. जिन्यात त्याची पावलं ओळखली, उठून मागच्या दाराने जावं म्हणून चप्प

पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा मोठा ठिपका, तीन पानं खालपर्यंत. उन्हं उतरली आहेत. दाराबाहेर डबा ठेवलेला आहे. लॉजचा पोऱ्या सांगत होता, ते गृहस्थ दार वाजवायला हात उचलून तसेच उभे होते, शेवटी दोघांनी धरून खाली नेलं, तेव्हा भानावर आले.

एवढ्या जवळ यावं लागतं असंही आता नाही. दार बंद होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फोनवर त्याला शपथ घातली, येऊ नकोस. तो म्हणाला, तू लहान असताना रुसून माळ्यावर जाऊन बसायचीस, तेव्हाही येऊ नकोस म्हणायचीस, आणि मी आलो नाही की जास्त रडायचीस.

उद्या गॅरेज बंद असतं. शटरची किल्ली माझ्याकडे आहे. उद्या दुपारी निघते.

२३ फेब्रुवारी, रविवार

गाडीत बसून लिहिते आहे. सांगते का ते. सेल्फ मारला, पेटली, बंद पडली. लाल दिवा लुकलुकतोय. तीनदा चुकलं की यंत्रणा काही मिनिटं कुलूप लावते, दिवा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. तोवर लिहायचं.

किल्ली ठीक आहे. कडं ठीक आहे. मी एकटी आहे. मग का —

तो जवळपास आहे.

माझीच चूक. मघाशी त्याचा फोन आला. कुठे आहेस म्हणाला. खोटं बोलायचं ठरवलं होतं, वाक्यही तयार होतं. तोंडातून निघालं, गॅरेजमध्ये. आयुष्यात त्याच्याशी कधी खोटं बोलले नाही, आणि नेमकं आज —

चार्जर काढून डिकीत ठेवला आहे. मीटर बघायची हिंमत नाही.

दिवा स्थिर झाला. सेल्फ. पेटली. पेट

ठिपका. उजेड पत्र्याच्या दुसऱ्या फटीतून येतोय आता. शटरमधलं छोटं दार उघडं आहे. दादा अंगणात. हातात डबा. त्यालाही कळत नाहीये की तो तिथे किती वेळ उभा होता. इकडे तिकडे बघतोय. मी ओरडले, परत जा. हातांनी खुणा केल्या. त्याला वाटलं, बोलावते आहे.

बाहेर पडायला ते एकच दार. त्यात तो.

सेल्फ. नुसतं कण्हलं.

दिवे बंद. पंखा बंद. सगळं बंद केलं, जेवढी वाचेल तेवढी

काचेशी आहे. डबा वर करून दाखवतो. गार झाला म्हणतो. अंधार होत आलाय. ओठ पांढरे आहेत, हसतोय. मी कुलपं लावली आहेत. त्या बाजूचं दार. त्या बाजूचं कुलूप बसत नाही, नंतर बघेन म्हटलं होतं, नंतर

लाल दिवा आता लुकलुकतही नाही, नुसता मंद. दादा बसला. डबा मांडीवर. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला म्हटलं, उतर, दादा, पाया पडते. तो पट्टा लावतोय. म्हणाला, चल ठमे, कुठे जायचं तिथे दोघं